उसने दात

नवी कवळी बसवली की माणसाचा आधी ‘स’ बिघडतो, मग ‘श’. दातांच्या लॅबमध्ये चौदा वर्षं दुसऱ्यांचे दात करतोय, त्यामुळे हे मला पाठ आहे. डॉक्टर पेशंटला सांगतात, घरी मोठ्याने पेपर वाचा, आठ-दहा दिवसांत जीभ सरावेल. मागच्या हिवाळ्यात मी स्वतःसाठी वरच्या दातांवर बसणारी एक पट्टी केली आणि ती घालून रोज रात्री आरशासमोर पेपर वाचायला लागलो. मला मात्र जीभ सरावायला नको होती. ज्याच्यासारखे दात केले होते, तो बोलताना अडखळायचा.

तो म्हणजे सद्दाम हुसेनचा थोरला मुलगा. आपल्या पेपरांत त्याचं नाव ‘उदय’ असं छापून यायचं. अरबी उच्चार ‘उदै’च्या जवळ जातो, म्हणून तालमीत आम्ही उदैच म्हणायचो. नाटकात मला तो करायचा होता आणि त्याचा तोतयाही करायचा होता. म्हणजे त्याच्यासारखा दिसतो म्हणून ज्याला उचलून आणलं, दात आणि चेहरा बदलून त्याच्या जागी उभं केलं, तो माणूस. दोन्ही मीच.

ज्यांच्याकडे आठ वर्षं नाटक शिकलो त्या ताईंनी नोव्हेंबरमध्ये फोन केला. “दोन माणसं आहेत, नट एकच. प्रेक्षकाला कपडे न बदलता कळलं पाहिजे की आत्ता कोण बसलाय. जमेल?” मी हो म्हटलं. मला वाटलं होतं, दुष्ट माणूस करणं अवघड जाईल आणि बिचारा सोपा जाईल. झालं बरोबर उलटं. उदै मला तिसऱ्या तालमीतच सापडला. त्याला काहीच करावं लागत नाही. तो बसतो, पाय पसरतो, बाकीचे सावरून बसतात. त्याची भीती त्याच्या अंगात नसतेच मुळी, ती समोरच्यांच्या अंगात असते आणि ती त्यांनी दाखवायची असते. तोतया मात्र डिसेंबर संपत आला तरी हाताला लागेना.

ताईंनी सांगितलं, आधी वाच. मी वाचत गेलो. उदैचा जन्म १९६४ चा. विशीतच इराकची ऑलिंपिक समिती त्याच्या हातात आली आणि फुटबॉल संघटनाही. ऑक्टोबर १९८८ मध्ये टायग्रिस नदीतल्या एका बेटावर इजिप्तच्या राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी सुझान मुबारक यांच्यासाठी मेजवानी होती. तिथे सगळ्यांदेखत त्याने कामेल हाना याला मारून टाकलं. हा कामेल म्हणजे सद्दामचा खास माणूस, त्याचं जेवण आधी चाखून बघणारा. बापाने मुलाला थोडे दिवस कोंडलं, मग स्वित्झर्लंडला पाठवलं. तो परत आला. ऑगस्ट १९९५ मध्ये त्याने सावत्र काकाच्या, वतबानच्या, पायावर गोळ्या झाडल्या. त्याच सुमारास सद्दामचे दोन जावई बायकामुलांना घेऊन जॉर्डनला पळाले. पुढच्या फेब्रुवारीत माफीच्या शब्दावर विसंबून ते परत आले आणि काही दिवसांतच मारले गेले. ज्या घरात सख्खे जावई असे संपतात, त्या घरात बाहेरून आणून उभ्या केलेल्या माणसाची काय किंमत असेल, हे मला वेगळं समजावून सांगावं लागलं नाही.

उदैचा तोतया होतो असं जगासमोर येऊन सांगणारा माणूस म्हणजे लतीफ याह्या. तो म्हणतो की शाळेत तो उदैच्याच वर्गात होता आणि दोघं सारखे दिसतात म्हणून पोरं तेव्हाही चिडवायची. १९८७ मध्ये इराण-इराक युद्धात तो आघाडीवर असताना बोलावणं आलं. सरळ राजवाड्यावर. तिथे उदैने सांगितलं की तू माझ्या जागी उभा राहायचं. त्याने नाही म्हटलं. मग लाल रंग दिलेल्या कोठडीत कोंडलं आणि घरच्यांचं काय होईल ते ऐकवलं, तेव्हा त्याने मान तुकवली. पुढे दात, चेहरा, चाल, बोलणं, तासन्‌तास व्हिडिओ बघणं. १९९१ मध्ये तो निसटला आणि नंतर ऑस्ट्रियाला पोचला. त्याच्या सांगण्यावर काही पत्रकारांनी पुढे शंका घेतल्या, त्याही मी वाचल्या. ताईंना विचारलं, हे सगळं खरं नसलं तर? त्या म्हणाल्या, “आपण लतीफ करतच नाहीये. दार वाजलं आणि सांगितलं की उद्यापासून तू तू नाहीस. ज्याच्या घरी हे होऊ शकतं, तो माणूस आपण करतोय. तसा देश होता ना? मग झालं.”

तसा देश होता, हे मला वाचायच्या आधीपासून माहीत होतं. त्याकडे येतोच. आधी दात.

आमच्याकडे केसेस पाठवणाऱ्या एका डॉक्टर मॅडमनी माझं माप घेतलं. ट्रेमध्ये भरलेला अल्जिनेटचा, म्हणजे माप उमटवायच्या पेस्टचा, गार लगदा टाळ्याला चिकटतो, घशाकडे सरकतो, उमाळा येतो. हजारो मापं हातातून गेली, पण स्वतःच्या तोंडात ट्रे घेऊन नाकाने श्वास घेत बसायची ही पहिलीच वेळ. संध्याकाळी मॉडेल ओतलं. दुसऱ्या दिवशी साच्यातून बाहेर काढलं आणि माझेच दात टेबलावर ठेवून त्यांच्याकडे बघत बसलो. डावीकडचा सुळा किंचित फिरलेला आहे, तो आईचा. खालचे पुढचे दोन एकमेकांवर चढलेत, ते बाबांचे. कुणी हे मॉडेल माझ्यासमोर ठेवलं असतं तर नाव न वाचता मी ओळखलं असतं की हा आमच्या घरातला माणूस आहे.

त्यावर मेण चढवलं. पुढचे सहा दात कोरून चार मिलिमीटर बाहेर काढले, मोबाइलवर फोटो लावून जुळवत. ताईंना दाखवलं तर त्या नाही म्हणाल्या. “हे बघून लोक हसतील. हसले की सुटले. त्यांना सुटू द्यायचं नाही.” मग खरवडत खरवडत अडीचवर आलो. अडीच मिलिमीटरला ओठ बंद होतात, पण ओढून बंद करावे लागतात. जरा लक्ष हटलं की उघडे पडतात. तेच हवं होतं. मग फ्लास्कमध्ये, म्हणजे साच्याच्या डब्यात, घातलं, मेण उकळून काढलं, अ‍ॅक्रिलिक भरलं, शिजवलं, ट्रिम केलं, प्युमिसवर पॉलिश केलं. मागे दाढांना धरून ठेवणारे तारेचे दोन हूक. वीस रुपयांच्या प्लास्टिकच्या डबीत पाणी घालून पट्टी त्यात ठेवली.

पहिल्या आठवड्यात वरच्या ओठाच्या आत, मधल्या शिरेपाशी, छाला पडला. पट्टी काढून कड अर्धा मिलिमीटर घासली, दोन दिवसांत बरं झालं. ती कड घासताना मात्र माझा हात थांबला. माझी पट्टी निघते. कॅप निघत नाही. दातावर कॅप बसवायची तर आधी तो दात चारही बाजूंनी एक-दीड मिलिमीटर घासावा लागतो, कधी दोन. वरचं कवच एकदा गेलं की गेलं. हाड जुळतं, कातडी भरून येते, दाताचं कवच पुन्हा उगवत नाही. मी रोज हे काम करतो. घासलेल्या दातांची मॉडेलं माझ्या टेबलावर रांगेने असतात, कणसाचे दाणे काढल्यावर उरतं तशी बारीक बारीक खुंटं. ती किडलेल्या किंवा मोडलेल्या दातांची असतात. चांगले, धडधाकट पुढचे दात कुणाच्या तरी तोंडासारखं तोंड दिसावं म्हणून घासायचे, हे करणारा हात कुणा डॉक्टरचाच असणार आणि त्या कॅप्स करणारा कुणीतरी माझ्यासारखाच. त्याला नाही म्हणता आलं असतं का? मला आलं असतं का? त्या रात्री पेपर वाचला नाही, डबी बंद करून ठेवली.

चालीचं काम सुरू झालं तेव्हा आणखी एक गोष्ट ध्यानात आली. १२ डिसेंबर १९९६ ला बगदादच्या मन्सूर भागात उदैच्या गाडीवर हल्ला झाला. त्याला अनेक गोळ्या लागल्या, जगला, पण पाय कायमचा अधू झाला. पुढे तो लंगडतच चालला. मी चाल बसवत होतो, आधीची सरळ आणि नंतरची लंगडी. मध्येच ताईंना म्हटलं, तेव्हा जर कुणी तोतया असता तर त्याचं काय केलं असतं? कुणी काहीच बोललं नाही. प्रकाशयोजना करणारा मुलगा खाली बघत राहिला. मालकाला झालेली प्रत्येक जखम तोतयाला नंतर हुकूम म्हणून येणार. तो मनात मालकाच्या सुखरूपतेसाठी नवस बोलत असेल. ज्याचा तिरस्कार वाटतो त्याच्या तब्येतीची काळजी, आणि तीही मनापासून. नाटकात हे वाक्य नाही, पण लंगडायचा प्रवेश करताना मी ते दर वेळी मनात धरतो.

आता बाबा.

माझे बाबा इलेक्ट्रिशियन. १९८३ ते १९८६ इराकमध्ये होते, एका भारतीय बांधकाम कंपनीच्या साइटवर. आमच्या कोल्हापूरच्या भागातली बरीच माणसं तेव्हा गेली होती. युद्ध चालू होतं, पण पगार मिळत होता. माझा जन्म ते परत आल्यानंतरचा, म्हणून मला आठवतं ते त्यांचं परत आल्यानंतरचं वागणं. एरवी मोठ्या आवाजाचा माणूस. गल्लीच्या टोकावरून हाक मारली तरी घरात ऐकू यायची. पण टीव्हीवर इराकची बातमी लागली की आवाज कमी करायचे. सद्दाम हे नाव मी त्यांच्या तोंडून कधीच ऐकलं नाही. ते ‘पाटील’ म्हणायचे.

साइटवरच्या मराठी पोरांनी आपसांत पाडलेलं ते नाव. पाटील आज टीव्हीवर दोन तास होते. पाटलांचा नवा फोटो गेटवर लावलाय, वायरिंग जपून. मुलाला धाकटे पाटील. तिथे फोटो नाही अशी भिंत नव्हती, टाइपरायटर घ्यायचा तरी सरकारदरबारी नोंद करावी लागायची. कोण कुणाला काय सांगेल याचा भरवसा नव्हता, म्हणून नावच घ्यायचं नाही, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. बाबा परतीच्या तयारीत होते तेव्हाच, नोव्हेंबर १९८६ मध्ये, राष्ट्राध्यक्षांचा अपमान केला तर मृत्युदंडापर्यंत शिक्षा असा हुकूम निघाला. बाबांना तो हुकूम माहीतही नव्हता. मी वाचून दाखवला तेव्हा म्हणाले, “कायदा झाला मागनं. पद्धत आधीपासनं होती.”

जुलै २००३ मध्ये मी पंधरा वर्षांचा होतो. २२ तारखेला मोसूलमध्ये दोन्ही मुलं मारली गेली, धाकट्या कुसैचा चौदा वर्षांचा मुलगाही त्यांच्याबरोबर गेला. दोघांवर दीड-दीड कोटी डॉलरचं इनाम होतं. बातमी लागली, बाबांनी आवाज कमी केला. लोकांचा विश्वास बसेना. तोतयांच्या इतक्या कहाण्या फिरत होत्या की प्रेत बघूनही माणसं म्हणत होती, हा तो नव्हेच. मग अमेरिकन सैन्याने पत्रकारांना बगदादच्या विमानतळावर बोलावून दोन्ही प्रेतं दाखवली. दाढ्या कमी केलेल्या, चेहऱ्यावरच्या जखमा बुजवलेल्या, रंग लावून नीट केलेल्या. मेलेल्या उदैला उदैसारखं दिसण्यासाठी रंगभूषा करावी लागली होती. तरीही ओळख पक्की केली ती नुसत्या चेहऱ्यावरून नाही. पायातल्या जुन्या दुखापतीच्या धातूच्या तुकड्यावरून आणि दातांच्या नोंदींवरून.

तेव्हा मला दातांतलं काही कळत नव्हतं. आता कळतं. कॅप कितीही हुबेहूब केली तरी ती वरवरचीच. एक्स-रे काढला की आतलं मूळ दिसतं, त्याचा बाक, त्याची लांबी, नस कुठून गेलीय ते. मूळ कुणाला घासता येत नाही, बदलता येत नाही. तोतयाचं तोंड कुणी उघडून बघितलं असतं तर वर उदै आणि हिरडीखाली त्याच्या आईबापाने दिलेली मुळं, असं दिसलं असतं. तोतया करताना मी जीभ पट्टीच्या मागे नेऊन माझ्या खऱ्या दातांना लावतो. बाहेरून कुणाला दिसत नाही. ताईंनाही सांगितलेलं नव्हतं, इथेच पहिल्यांदा लिहितोय.

तर डिसेंबरच्या शेवटी सुट्टी घेऊन आठ दिवस घरी गेलो होतो. पट्टीचा सराव म्हणून रोज तीन तास ती घालूनच राहायचो. चौथ्या दिवशी संध्याकाळी आई देवळात गेली होती. मी माडीवर उदैचा प्रवेश करत होतो, मेजवानीचा. तहान लागली म्हणून त्याच चालीत, अंगातून न उतरवता, जिना उतरून स्वयंपाकघरात गेलो. बाबा पाटावर बसून लसूण सोलत होते. त्यांनी वर बघितलं. पुढच्याच क्षणी ते उभे होते. पाय जुळवलेले, हात मांडीशी, लसणाची सालं लुंगीवरून खाली सांडलेली. नजर माझ्या छातीवर, डोळ्यांत नाही.

मी पट्टी काढली. “बाबा, मी आहे.”

“माहिताय की,” म्हणाले. आणि परत खाली बसले. बराच वेळ एकही पाकळी सोलली नाही.

रात्री जेवणं झाल्यावर आपणहून बोलायला लागले. आमच्याकडे असं होत नाही. “तुझं सगळं जमलंय. धाकटे पाटील जमलेत. दुसरा न्हाई जमलेला.” मी विचारलं, का? म्हणाले, “भीती दाखवायलायस. तिथं भीती कोण दाखवत न्हवतं. भीती दिसली तर संपलाच की माणूस. तिथं समदी हसायची.”

मग त्यांनी साइटवरच्या स्टोअरकीपरची गोष्ट सांगितली. इराकी माणूस, चाळिशीचा, भाऊ आघाडीवर. बाबांना वायरची बंडलं मोजून द्यायचा आणि वर चहाही पाजायचा. एकदा सरकारी गाड्यांचा ताफा साइट बघायला आला. कुणी मोठा अधिकारी होता, कोण ते बाबांना कळलं नाही. स्टोअरकीपर दारात उभा राहिला आणि हसायला लागला. तासभर तो तसाच हसत होता, कुणी विचारलं तर हसतच उत्तर देत होता. ताफा गेला. धूळ खाली बसली. बाबा त्याच्याजवळ गेले तर तो अजून हसतच होता. “उतरंनाच रं ते. त्यानं दोन्ही हातांनी गाल चोळलं, असं, खालपर्यंत. मला वाटलं रडतोय. रडत न्हवता. हसू काढायलाता.” आणि बाबांनी स्वतःच्या गालांवरून हात फिरवून दाखवला, हनुवटीपर्यंत, तीनदा.

तोतया मला तिथे मिळाला. पुण्याला परत आल्यावर ताईंसमोर काही न सांगता प्रवेश केला आणि प्रवेश संपल्यावर गालांवरून हात फिरवला. ताई म्हणाल्या, हे ठेव. कुठून आणलंस?

नाटकातला सगळ्यात मोठा प्रवेश स्टेडियमचा आहे. याह्या सांगतो की तोतया म्हणून तो लोकांसमोर पहिल्यांदा उभा राहिला तो बगदादच्या फुटबॉल सामन्यात. उदैच्या हाताखालच्या फुटबॉलचं काय झालं हे आता जगजाहीर आहे. हरलं तर तुरुंग, डोकं भादरणं, तळपायांवर फटके. संघातल्या खेळाडूंनीच पुढे देश सोडल्यावर हे सांगितलं. आमच्या प्रवेशात मी खास खुर्चीत एकटा बसतो. मैदान प्रेक्षकांच्या जागी आहे. संघ मागे पडतो. मला रागावलेलं दिसायचंय, कारण तो असता तर रागावला असता. खालून एक खेळाडू माझ्याकडे बघतो. त्याला आज रात्री काय होणार ते दोघांनाही माहीत आहे. मी हात उंचावून सांगू शकत नाही की बाळा, मी तो नाही. माझं रागावलेलं तोंड बघून त्याच्या पायांतलं बळ जातं, तो आणखी एक चूक करतो. इथवर येईपर्यंत मी तोतयाला फक्त बळी समजत होतो. तो बळी होताच. पण त्या खुर्चीत बसल्यावर त्याच्या चेहऱ्याने माणसं घाबरत होती आणि ती भीती खरी होती, तिच्यात कणभर नक्कल नव्हती. हा भार पेलायचा कसा, हे कुणी शिकवू शकत नाही. पहिल्या चार तालमींत या प्रवेशानंतर मला बोलवत नव्हतं. ताई पाण्याचा तांब्या आणून शेजारी ठेवायच्या आणि निघून जायच्या.

या प्रवेशाच्या वेळी मला सारखा शाळेतला गॅदरिंगचा मांडव आठवायचा. सहावीत मी शिवा काशीद झालो होतो. आमच्या भागात हे काम मिळणं म्हणजे मोठा मान. पन्हाळा कोल्हापुरातून दिसतो, नेबापूर त्याच्या पायथ्याशी. १६६० चा जुलै, सिद्दी जौहरचा वेढा, धो धो पाऊस. महाराज विशाळगडाकडे निघाले आणि शिवा महाराजांचा वेष करून दुसऱ्या पालखीत बसला. पकडला गेला, ओळखला गेला, मारला गेला. जातीने न्हावी, म्हणजे रोज दुसऱ्यांचे चेहरे नीट करणारा माणूस, हे मला आता या धंद्यात आल्यावर जास्त जवळचं वाटतं. लहानपणी मी पालखीत बसलो तेव्हा छाती फुगली होती. वरातीत बसल्यासारखं वाटलं होतं. तोतया हा शब्द उच्चारला की आमच्या मनात पहिल्यांदा शिवा येतो. आपला जीव ज्याच्यावरून ओवाळावा असा राजा त्याला मिळाला होता आणि ओवाळायचं त्याने स्वतः ठरवलं होतं. बगदादच्या त्या खुर्चीतल्या माणसाच्या वाट्याला यातलं काहीच आलं नाही. तो मेला असता तर त्याचं नाव कुणी घेतलं नसतं, कारण मेला तो उदै म्हणून मेला असता, आणि उदै जिवंत असल्याने तेही लपवलं असतं. शिवाची समाधी पन्हाळ्यावर आहे. प्रयोगाच्या आधी जानेवारीत जाऊन मी तिथे हात जोडून आलो. नारळ फोडला. काय मागितलं ते माझ्यापाशी.

पहिला प्रयोग फेब्रुवारीत झाला. शंभर-सव्वाशे माणसं मावतील असा छोटा रंगमंच, पहिली रांग हाताच्या अंतरावर. प्रयोग बरा झाला. काय चुकलं ते ताईंनी दुसऱ्या दिवशी सांगितलं, त्यात लिहिण्यासारखं काही नाही. तिसऱ्या प्रयोगाला आई-बाबा कोल्हापूरहून आले. बाबांना मी येऊ नका म्हणून सुचवलं होतं. त्यांनी ऐकलं नाही.

त्या दिवशी स्टेडियमच्या प्रवेशात पट्टी तडकली. कुठे ते मला आवाजावरूनच कळलं, मधल्या दोन दातांच्या वर. एक टोक हिरडीत घुसलं. तोंडात रक्ताची चव आली. उरलेली वीस मिनिटं बोलताना ‘स’ ठरवून बिघडवायची गरज पडली नाही. शेवटच्या प्रवेशात गालांवरून हात फिरवायचा असतो. तो फिरवताना अंधारात डावीकडून तिसऱ्या खुर्चीत कुणीतरी हलल्यासारखं वाटलं. बाबा तिथेच बसले होते हे मला माहीत होतं. तिकडे बघितलं नाही.

मेकअप रूममध्ये आई आली, डोळे पुसून गेली. ताईंशी बोलत उभी राहिली. बाबा मागे राहिले. मी आरशासमोर तोंडातून पट्टी काढली, लाळ आणि रक्त, रुमालावर ठेवली. ते बघून म्हणाले, “लागलंय व्हय?”

“थोडं. उद्या दुसरी करतो.”

त्यांनी रुमालावरची पट्टी उचलली. चष्मा वर करून तडा बघितला, अंगठ्याने चाचपला, वायरचं इन्सुलेशन तपासतात तसा. मग कोपऱ्यातल्या बेसिनपाशी गेले, नळ सोडला आणि ती धुवायला लागले. पुढून, मागून, हुकांच्या खाचांत नख घालून. पाणी स्वच्छ येईपर्यंत धुतली. माझ्या पिशवीतून डबी शोधून काढली, तिच्यात नळाचं पाणी भरलं.

“कोरडी पडली तर वाकती ना ही?”

“हो. पाण्यातच ठेवायची.”

त्यांनी पट्टी पाण्यात सोडली, झाकण दाबून लावलं, डबी कानाशी नेऊन हलवून बघितली. मग म्हणाले, “सद्दाम टीव्हीवर यायचा, तवा आमच्या खोलीत आम्ही असंच करायचो. नळ सोडायचा आणि मग बोलायचं.”

नाव त्यांनी त्यांच्या नेहमीच्या आवाजात घेतलं. दाराबाहेर आईने वळून बघितलं. नळ अजून चालू होता. मी उठून बंद केला.